होंडा सिटी झेडएक्स: एक स्टड तुटला, दुसरा नटासोबत गोल फिरतोय

मुलुंडचा_सिटीवाला

गाडी 2006 ची सिटी झेडएक्स. पुढचं डावं चाक. अलॉय चाकं बाहेरून बसवलेली आहेत, कंपनीची नाहीत. टायर रोटेशनला दिली होती. चाक काढताना हवेच्या गनने एक स्टड (चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, त्यावर नट चढतो) तुटला, तुकडा नटातच अडकून बाहेर आला. शेजारचा नट सुटत नाही, आतला स्टडच त्याच्यासोबत गरगर फिरतो. बाकीचे दोन ठीक वाटतात. टायरवाल्याने ते दोन पुन्हा आवळले आणि ‘हबच बदलावा लागेल’ म्हणून हात वर केले. गाडी हळूहळू आणून सोसायटीत लावली आहे.

तुटलेल्या तुकड्याचं टोक असं आहे: अर्धी चकती काळपट तपकिरी, उरलेली अर्धी राखाडी आणि दाणेदार, नवी तुटल्यासारखी.

हब खरंच बदलावा लागतो का? फिरणारा नट अलॉय न खराब करता कसा काढायचा? आणि नवीन स्टड बसवताना आट्यांना ऑइल लावायचं की नाही? यावर तीन जणांनी तीन उत्तरं दिली. टॉर्क रेंच, ड्रिल, व्हर्नियर आहे. प्रेस नाही.


एकोणीसचा_पाना

आधी एक सांगतो, गाडी आता त्या चाकावर हलवू नका, गेटपर्यंतसुद्धा नाही. चारपैकी एक स्टड गेला तर सावकाश गॅरेज गाठता येतं. शेजारशेजारचे दोन गेले की चाकाची ती बाजू हबपासून उघडझाप करायला लागते आणि उरलेले दोन प्रत्येक फेऱ्याला वाकतात. न्यायचीच असेल तर फ्लॅटबेडवर न्या.

तुकड्याचं टोक तुम्ही नीट पाहिलंत ते बरं झालं. तपकिरी अर्धी चकती म्हणजे भेग आधीपासून होती, पावसाचं पाणी शिरून ती गंजली. राखाडी भाग तेवढा त्या दिवशी तुटला. गनने मारलं ते अर्धमेल्याला. त्या चाकाचे बाकीचे स्टडही तेवढाच मार खाऊन बसलेत, म्हणून दोन नको, चारही बदला. नटही चारही नवे.

फिरणारा नट: स्टडच्या मानेवर उभ्या रेघा असतात, त्या हबच्या भोकात घट्ट बसून स्टडला फिरू देत नाहीत. त्या घासल्या की स्टड फिरतो. पहिला उपाय बिनखर्चाचा. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या, चांगले दोन नट चार-पाच आटे सैल करा, पूर्ण काढू नका. आता चाकाच्या मागून, फिरणाऱ्या स्टडच्या बाजूला, लाकडाची पाचर किंवा टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक बाहेर रेटा. चाक नटाला ओढेल, नट स्टडला ओढेल आणि स्टडचं डोकं हबच्या मागच्या बाजूवर दाबून बसेल. त्या घर्षणावर हातपान्याने हळूहळू नट उलटा फिरवा. निम्म्याहून जास्त वेळा सुटतो. टॉमी डस्ट शील्डवर (डिस्कमागच्या पातळ पत्र्यावर) टेकवू नका, पत्रा वाकेल.

नाही सुटला तर ड्रिल. ग्राइंडर विसरा, अलॉयच्या खोल भोकात तो पोचत नाही आणि पोचला तर भोकाची बैठक (नट टेकतो ती जागा) कापून ठेवतो. नट बंद टोपीचा असेल तर आधी टोपी पाडायची, मग स्टडच्या मधोमध पंच मारून 4, मग 6.5, मग 10.5 मिलिमीटरचं बिट. स्टड कडक असतो, साधं बिट पाच मिनिटांत जळतं. कोबाल्टचं घ्या, ड्रिल हळू चालवा, ऑइल सोडत राहा. ड्रिल करतानाही पाचर लावलेलीच ठेवा, नाहीतर स्टड बिटसोबत फिरत बसेल. एम 12 च्या (12 मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांच्या तळाचा व्यास 10.2 च्या आसपास, त्यामुळे 10.5 गेलं की आट्यांची नुसती साल उरते आणि नट हाताने निघतो. भोक जरा तिरकं गेलं तरी चालेल, नट आणि स्टड दोन्ही भंगारातच जायचेत. फक्त बिट अलॉयच्या बैठकीला लागू देऊ नका.

हब लगेच बदलायचं काम नाही. ते जुना स्टड निघाल्यावर ठरेल, खाली लिहितो.


परळ_वर्कशॉप

फिरणारा स्टड थांबवायला मागून डोक्याला वेल्डिंगचा टाका मारतात, तो मार्गही आहे. पण दोन अटी. वेल्डिंगचा अर्थ (करंट परत नेणारी वायर) त्याच हबला किंवा डिस्कला लावायचा. बॉडीला लावला तर करंट बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या धावपट्टीवर खड्डे पडतात. महिन्याभरात घुंईघुंई सुरू. आणि तो टाका फक्त जुना स्टड काढण्यापुरता, नंतर घासून साफ करायचा. नवा स्टड सैल बसतोय म्हणून त्याला टाका मारून देणारे भेटतात, त्यांच्याकडून गाडी घेऊन सरळ घरी या. स्टड उष्णता देऊन कडक केलेला असतो, वेल्डिंगने डोक्याखालची जागा ठिसूळ होते. आणि सगळी ओढ नेमकी तिथेच असते.


एकोणीसचा_पाना

बरोबर. आता चाक निघाल्यावरचं.

सुरुवात जागेपासून. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली निदान एक फूट चौरस जाड प्लाय टाका. ब्लॉकखालची वाळू पावसाने गेलेली असते, एक ब्लॉक खचला की जॅक कलंडतो. मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गाडी घोडीवर. नुसत्या जॅकवर काम नको.

कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रॅकेटचे मागचे दोन बोल्ट काढा, कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. डिस्क हबला दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते आणि इतक्या वर्षांत ते जाम झालेले असणार. साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर केलात तर खाच गोल होईल. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, दोन ठोके आणि फिरव. गेलीच खाच तर स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवा. चाक आवळलं की डिस्क तशीही दबून राहते, ते स्क्रू बसवणीच्या सोयीपुरते आहेत. डिस्क चिकटली असेल तर तिच्यात आटे पाडलेली दोन भोकं दिसतील. त्यांत 8 एमएमचे, 1.25 पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) दोन बोल्ट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा. डिस्क स्वतःहून पुढे येते, हातोडा लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक स्टड ठोकून काढल्यावर तपासतात. हब हाताने फिरवा आणि मागे नकल (बेअरिंग आणि हब धरणारा भाग) आणि डस्ट शील्ड यांच्यात सगळ्यात मोठी फट कुठे आहे ते पाहा. नवा स्टड त्या फटीत धरून आडवा-तिरका करून तो तिथून जातो का ते आधी बघा. जात असेल तर काम तासाभराचं. डस्ट शील्ड थोडं आड येत असेल तर त्याचे स्क्रू सोडून बाजूला सरकवा. काहीही करून जात नसेल तर हब बाहेर काढावा लागतो, आणि पुढचं बेअरिंग प्रेस करून बसवलेलं असल्याने हब ओढला की बेअरिंगची आतली रिंग सहसा हबवरच राहते. म्हणजे नवं बेअरिंग घ्यायचंच. असं असेल तर नकल सोडून लेथवाल्याकडे प्रेसवर न्या, तिथे चारही स्टड आणि बेअरिंग एकदमच होईल.


खोपोली_घाट

स्टड काढायला दोन किलोचा हातोडा आणि एक नेमका घाव. छोट्या हातोडीने पन्नास टक्टक करण्यापेक्षा बेअरिंगला तेच कमी त्रासाचं.


परळ_वर्कशॉप

घाव एक असो की पन्नास, तो जातो बेअरिंगमधूनच. हब गाडीवर असताना मागे आधार कुठला? गोळ्याच. जुन्या बेअरिंगला तेवढा धक्का पुरतो. 6 इंची जी क्लॅम्प घ्या किंवा बॉल जॉइंटचा पुलर. एक जबडा स्टडच्या टोकावर. दुसरा मागे हबच्या काठावर, मध्ये एक मोठं सॉकेट, ज्यात स्टडचं डोकं मावेल. आवळत जा. ‘टक्’ असा आवाज येऊन स्टड सुटतो. नाही सुटला तर क्लॅम्प ताणलेला ठेवूनच स्टडच्या टोकावर हलकी हातोडी, जोर क्लॅम्पचा, हातोडी फक्त निमित्त. तुटलेल्या स्टडचा बुंधा हबच्या पातळीला असेल तर मध्ये 10 एमएमचा बोल्टचा तुकडा ठेवा, म्हणजे जबडा हबला न टेकता दाब बुंध्यावरच येईल.


एकोणीसचा_पाना

घाटवाल्यांशी भांडत नाही, हब बाहेर काढलेला असेल आणि बेअरिंग बदलायचंच असेल तर हातोडा बिनधास्त चालवा. पण इथे परळ म्हणतात तेच करा.

जुना निघाला की भोकात टॉर्च मारा. आत उभ्या खाचा स्वच्छ दिसल्या तर हब ठीक. फिरणाऱ्या स्टडच्या जागेवर त्या पुसलेल्या असण्याची शक्यता आहे. कसोटी सोपी: नवा स्टड मागून घातला आणि बोटांनीच पार डोक्यापर्यंत गेला तर ते भोक गेलं, हब बदला. मानेवर अडकून राहिला आणि ओढायला जोर लागला तर हब वाचला.

स्टड घेताना दुकानात ‘सिटीचा द्या’ एवढं म्हणून चालत नाही. जुना सोबत न्या आणि व्हर्नियरने चार मापं जुळवा: आट्यांचं पिच, मानेच्या रेघांवरचा व्यास, रेघांची लांबी आणि डोक्याखालची एकूण लांबी. रेघांच्या व्यासात दोन दशांश मिलिमीटरचा फरकही चालत नाही, कमी असेल तर फिरेल आणि जास्त असेल तर हबला चीर देईल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला मिळतील. वायसर, कोबाल्ट बिट, पिच गेज यासाठी नागदेवी स्ट्रीट. हार्डवेअरच्या दुकानातला 8.8 चा (हा मजबुतीचा दर्जा, स्टडच्या 10.9 पेक्षा कमी) बोल्ट कापून वापरायचा सल्ला कोणी दिला तर का ऐकायचा नाही ते ‘मोजमाप’ सांगतीलच.

बसवणी: मागून स्टड घाला, हलकेच फिरवत राहा, जुन्या खाचांत रेघा बसल्या की बोटाला कळतं. पुढून चार जाड वायसर चढवा, वायसरांच्या मध्ये ग्रीस. त्यावर एक जुना उघड्या तोंडाचा नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वायसरकडे. हब फिरू नये म्हणून दुसऱ्या दोन स्टडच्या मधून टॉमी अडकवा. हातपान्याने सलग आवळा. सुरुवातीला एकसारखा जड लागतो, डोकं मागे टेकलं की एकदम भिंत लागल्यासारखा थांबतो. तिथेच थांबायचं. गन अजिबात नाही. मागे वाकून डोक्याखाली 0.05 मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) जाते का बघा, गेली तर पूर्ण बसलेला नाही. ओढायला वापरलेला तो नट नंतर फेकून द्या, चाकावर लावू नका.


मोजमाप

ऑइलबद्दल. आट्यांना नाही, नटाच्या बैठकीला तर मुळीच नाही. कारण आकड्यात सांगतो.

होंडाचा चाकाच्या नटाचा टॉर्क 108 न्यूटन मीटर, गॅरेजच्या भाषेत 11 किलो, म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकाला 11 किलो भार. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढ्याने एम 12 च्या स्टडमध्ये साधारण 45 किलोन्यूटन ओढ येते, म्हणजे साडेचार टन. ऑइल लावून तोच रेंच त्याच आकड्यावर ‘टक्’ केला तर ओढ 60 च्या घरात. 10.9 प्रतीचा स्टड जवळपास 73 पर्यंत कायमचा ताणला न जाता सहन करतो, म्हणजे तुमची बरीचशी शिल्लक ऑइलनेच खाल्ली. 8.8 च्या बोल्टची हीच मर्यादा 50 च्या थोडी वर. ऑइल लागलेला 8.8 पहिल्याच आवळणीत लांबतो. दिसत काही नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मान बारीक झालेली दिसते.

याच हिशोबाने गन बघा. 10.9 चा स्टड साधारण 91 किलोन्यूटनला तुटतो, म्हणजे 108 च्या जेमतेम दुप्पट टॉर्क. अर्ध्या इंचाची हवेची गन 300 च्या वर सहज जाते. टायरवाला ट्रिगर किती सेकंद दाबतो यावर तुमचा स्टड अवलंबून आहे. गन नट सोडायला ठीक. चढवताना बोटांनी, मग हातपाना, मग रेंच. रेंच नसला तर अर्ध्या मीटरच्या दांड्यावर टोकाला 22 किलोचा भार म्हणजे 11 किलो. दांड्यावर उभं राहायची गरज नसते.

आवळायचा क्रम समोरासमोर, दोन टप्प्यांत: आधी 50, मग चाक जमिनीला टेकवून 108. नवे स्टड पहिल्या 50 ते 100 किलोमीटरमध्ये थोडे बसतात, म्हणून तेवढं चालल्यावर पुन्हा रेंच लावा. गाडी थंड असताना.


मुलुंडचा_सिटीवाला

प्रगती: पाचर लावून सुटला नाही, ड्रिलने काढला. अलॉयला ओरखडा नाही. नवा स्टड फटीतून जातो, शील्डचे स्क्रू सोडावे लागले. फिरणाऱ्या जागेवरही नवा स्टड जोर लावूनच आत गेला, म्हणजे हब वाचला. चारही बसले, फीलर जात नाही.

एक विचित्र गोष्ट. मनात आलं म्हणून बाकीच्या तीन चाकांचे नट एकेक काढून नव्या स्टडवर बोटांनी फिरवून पाहिले. बारापैकी दहा शेवटपर्यंत जातात. दोन नट दोन फेऱ्यांतच अडकतात, एक पुढच्या उजव्या चाकाचा, एक मागच्या डाव्या चाकाचा. दिसायला सारखेच, डोकंही 19 चंच.


एकोणीसचा_पाना

सापडला चोर. ते मारुतीचे नट असावेत. सुझुकीचं पिच 1.25, होंडा, ह्युंदाई, टोयोटाचं 1.5. व्यास दोन्हींचा 12, डोकं दोन्हींचं 19, म्हणून पाना काही सांगत नाही. टायरच्या दुकानात दिवसभर अर्ध्या गाड्या मारुती, सगळे नट एकाच डब्यात. 1.25 चा नट 1.5 च्या स्टडवर हाताने दोन फेरे जातो आणि अडतो. हातपाना असता तर माणूस तिथेच थांबला असता. गन थांबत नाही, ती आटे कापत नट चढवते. नट घट्ट वाटतो, पण तो आट्यांत अडकून घट्ट असतो, चाकाला दाबून नाही. पुढे कोणीतरी सोडायला गेलं की नट जाम, आणि सगळा जोर मानेवरच्या रेघांवर. तुमचा फिरणारा स्टड बहुधा असाच झाला. आणि तिथे दाब नव्हता म्हणूनच शेजारच्याला भेग पडली.

खात्री करायची असेल तर पिच गेज, नाहीतर स्टडवर 15 मिलिमीटर मोजून आटे मोजा: 10 भरले तर 1.5, 12 भरले तर 1.25. नट मात्र बोटांनीच तपासायचा. निदान आठ फेरे बोटांनी जाऊन मगच टेकला पाहिजे.

त्या दोन जागचे स्टडही बदला. डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे ‘सरळ’ करून देतो म्हणणारे असतात, पण कापली गेलेली धातू डाय परत आणत नाही.


परळ_वर्कशॉप

मागच्या चाकाला हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर ड्रम निघणार नाही. पुढच्या चाकांना ठोकळे, गाडी गिअरमध्ये. सिटीच्या ड्रमलाही त्या 8 च्या बोल्टची भोकं आहेत. ड्रम निघाल्यावर हब फिरवून ब्रेक शूच्या मधली मोकळी जागा शोधा, स्टड तिथून मागे काढा. शूवर ग्रीस उडू देऊ नका. शू फार पुढे आले असतील आणि ड्रमच्या कडेला ओठ आला असेल तर ॲडजस्टर मागे घ्या, ओढाताण करू नका.

हा धागा वाचणाऱ्या इतर गाड्यांसाठी: ड्रमच्या मधोमध पत्र्याची टोपी आणि आत मोठा नट असेल, जसा बऱ्याच जुन्या मारुतींना असतो, तर ड्रम आणि हब एकच तुकडा आहे आणि बेअरिंग त्याच्या पोटात आहे. तिथे ड्रम काढून थेट प्रेसवर न्या, ओट्यावर ठोकू नका, बिडाचा ड्रम तडकतो. पोलो-स्कोडावाल्यांना हा सगळा व्याप नाही, त्यांचे बोल्टच असतात.


मोजमाप

नटांच्या तोंडाकडे पण बघा. कंपनीच्या होंडा चाकाची बैठक गोल, वाटीसारखी असते, बाहेरच्या अलॉयची बहुतेक वेळा 60 अंशांचा सुळका. सुळक्याचा नट गोल बैठकीत फक्त एका बारीक कड्यावर टेकतो. आज घट्ट, दोनशे किलोमीटरवर सैल. तुमची स्टेपनी कंपनीची लोखंडी असेल तर अलॉयचे नट तिला चालत नाहीत. गोल तोंडाचे चार नट वेगळ्या पिशवीत बांधून जॅकच्या शेजारी ठेवा.

आणि अलॉयचं मधलं भोक बघा. होंडाच्या हबचं माप 56.1. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं 73.1 असतं, मध्ये प्लॅस्टिकची रिंग लागते. ती नसली तर चाक मधोमध आणायचं काम चार नटांवर पडतं.


मुलुंडचा_सिटीवाला

रिंग तीन चाकांना आहे, नेमकी याच चाकाला नाही. नट सगळे सुळक्याचे, अलॉयची बैठकही सुळक्याचीच. स्टेपनी लोखंडी, गोल बैठक, आणि तिचे मूळ नट गाडीत कुठेच नाहीत. उद्या सीएसटी रोडवर यादी घेऊन जातो: स्टड 2, सुळक्याचे नट 6, गोल तोंडाचे 4, रिंग 1, सगळं 1.5 चं. नट दुकानातच स्टडवर बोटांनी फिरवून घेईन.